मुक्या घंटांचा उंबर

हलवून बघितलीत ना घंटा? वाजायची नाही. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच करतो आणि मग आमच्या तोंडाकडं बघतो. या उंबरावरच्या एकाही घंटेत आपटायची लोळी नाही, आम्हीच ती काढून टाकतो. बसा, सांगते.

फार मागं आमच्या या धनगरवाड्यावर ठकूबाई नावाची एकटी बाई राहायची म्हणे. तिची गाय व्यायली आणि मेली. मागं राहिलेली कालवड ठकूबाईनं बोटानं पेज चाटवून जगवली. तीच तांबू. तांबूच्या गळ्यात पितळी घंटा असायची, त्यामुळं ती सड्यावर कुठंही चरत असली तरी बाईला घरबसल्या कळायचं.

पुढं ठकूबाईनं एक देखणा खोंड घेतला. जत्रेत मिरवायची हौस भारी. तिनं तांबूची घंटा सोडून खोंडाला बांधली. एका दिवसानं काय बिघडतंय, असं म्हणाली असेल. आपणही म्हणतोच की.

जत्रेहून परतली तेव्हा धुकं उतरलं होतं. सगळी गुरं गोठ्यात आली, तांबू तेवढी आली नाही. बाईनं हाका मारल्या. तांबू हंबरली, पण धुक्यात दिशा लागेना. मग तिला वाटलं, तांबू आपली घंटा ओळखेल. खोंडाच्या गळ्यातली घंटा काढून ती इथं, या उंबराखाली उभी राहिली आणि वाजवत सुटली. तांबूनं ओळखली. रोजची वळणाची वाट सोडून ती आवाजाच्या रोखानं सरळ निघाली. आणि मधे ही घळ. घंटा वाजतच राहिली, हंबरणं थांबलं.

सकाळी माणसं खाली उतरली. ठकूबाई एवढंच बोलली, असं सांगतात, "मी बोलावलं, म्हणून आली ती." तिनं लोळी उपटून काढली आणि घंटा या फांदीला बांधली. पुढं जगली तोवर दर धुक्याला ती घळीच्या पलीकडं जाऊन उभी राहायची, चुकलेलं जनावर परतवायला. कुणी तिला नावं ठेवली नाहीत, पण बिचारीचा जीव काही निवला नाही.

आमच्यात जित्या जनावराची घंटा सोडत नाहीत. ते गेलं की लोळी काढून इथं बांधतात, पुन्हा त्या आवाजावर कुणी यायला नको म्हणून. आजही धुकं आलं की कुणी हाक मारत नाही, कुणीतरी एक घळीपलीकडं जाऊन उभं राहतं. घराघराची पाळी असते. तो कडा बघा, दिसेनासा झाला. आज पाळी माझी. उठा आता, आणि तेवढी माझी काठी द्या.