काकणपरीची अट

बसा पोरांनो, पाय पसरून बसा. ही गोष्ट घाईची नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं गाव होतं. तिथं एका खोलीत गोदा कासारीण आणि तिची मैना, दोघीच राहायच्या. गोदा बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून दारोदार फिरायची. हिरव्या, मोरपंखी, जांभळ्या, केशरी. ती चालली की अंगणाअंगणात रंगीत कवडसे नाचायचे. पण मैनेचे चिमुकले हात मोकळेच. सगळ्या बांगड्या विकायच्या, तर घालायच्या कुठल्या?

बांगडी भरताना हात दुखतो, ठाऊक आहे ना? गोदाची मात्र एक रीत होती. ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठा हळूच आत दुमडायची आणि म्हणायची, "हात सैल सोड बाई. इकडं माझ्याकडं बघ. आज जेवलीस काय ते सांग." बाई भाजीचं, भाकरीचं सांगू लागायची, आणि तिचं सांगून होईस्तोवर मनगटावर किणकिण किणकिण.

मागनं मैना यायची. फुटक्या काचा वेचायची, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. ओंजळ भरली की गावामागच्या बकुळीच्या ढोलीत नेऊन ठेवायची.

एकदा गोदाच्या छातीत गाठ आली. शहरातल्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गोदाबाई, हा कॅन्सर आहे. पण लवकर कळलाय, औषध आहे त्याला. सोमवारी सुरू करू. सहा महिने लागतील. येताना सोबत कुणी मोठं माणूस आणा."

परतताना एसटीत गोदा म्हणाली, "मैने, हे कुणाजवळ बोलायचं नाही. नाव कळलं की बाया माझ्या हातात हात देणार नाहीत."

"मग सोमवारी सोबत कोण येईल?"

गोदानं दवाखान्याचा कागद घडी करून पिशवीच्या तळाशी सारला. आई दवाखान्यात जाणारच नाही, हे मैनेला न सांगता कळलं.

सकाळी ती बकुळीखाली गेली आणि ढोलीत तोंड घालून रडली. तर आत काय, काचा लुकलुकायला लागल्या. लाल, निळी, सोनेरी, चिमणीएवढी उजेडाची पुडी बाहेर आली. परी होती ती. तिचे पंख काकणांच्या तुकड्यांचे, आणि हलले की बारीक रुणझुण.

"का रडतेस गं, चिमणे?"

"परीबाई, माझ्या आईला बरी कर."

परी खाली पडलेल्या फुलांवर येऊन बसली. "ते माझ्या हातात नाही, बाळा. ते औषधाचं काम. पण हे पंख तू वेचलेल्या काचांचे आहेत. म्हणून तुला तीन इच्छा देते. दोन आईसाठी, एक तुझ्यासाठी. अट एकच. इच्छा मला सांगायची नाही. माणसाला सांगायची, आणि खरं ते सांगायचं. लपवलंस की ती इच्छा गेली."

तिनं मैनेच्या मनगटात तीन बांगड्या घातल्या. एक हिरवी, एक गुलाबी, एक पिवळी.

मैना पळत शेजारच्या वत्सलाकाकूंकडे गेली. पण दारात तिला आईचे शब्द आठवले. "काकू, सोमवारी आईबरोबर शहराला याल? तिला जरा ताप आहे."

"अगं, तापाला शहर कशाला?" काकू हसल्या आणि गवती चहाची जुडी तिच्या हातात दिली. टिच्. हिरवी बांगडी फुटली. मैनेनं तुकडे वेचले आणि ती पायरीवर बसून राहिली.

आता कुठं जायचं? समोर ठकूआजी तांदूळ पाखडत होती. सगळं गाव तिच्या तोंडाला घाबरायचं.

"आलीस का? आईला सांग, गेल्या खेपेला माझ्या हाताचा चुरा केला तिनं."

मैना तिच्या कानाशी वाकली. "आजी, आईला कॅन्सर झालाय. सोमवारी तिच्यासोबत कुणी नाही."

"मोठ्यानं बोल. कान गेलेत माझे."

मैनेनं डोळे मिटले आणि मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या ओट्यावरच्या बायांनीही ऐकलं. सूप थांबलं.

"माझ्या धाकट्या जावेला झाला होता," आजी म्हणाली. "आठ वर्षं झाली. अजून दर सणाला येते नि माझ्याशी भांडते." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला गं बायांनो." गुलाबी बांगडी पणतीसारखी उजळली.

दारात बाया बघून गोदाचा चेहरा उतरला. "सांगितलंस, मैने?"

आजीनं तिच्यापुढं हात केला. "भर बांगड्या. हात धरून हा रोग लागत असता तर मी केव्हाच गेले असते. आणि घट्ट नको, सांगून ठेवते."

गोदानं आजीचा अंगठा हळूच दुमडून बांगड्या भरल्या. मग तिथंच पाळ्या ठरल्या. सोमवारी आजी, पुढच्या खेपेला वत्सलाकाकू, त्यानंतर आणखी कुणी. काकूंनी मैनेचा कान हळूच धरला. "ताप म्हणे."

सगळ्या गेल्यावर पिवळी बांगडी उरली. मैना आईच्या मांडीवर चढली आणि तिच्या कानात म्हणाली, "आई, मला भीती वाटते. मला जवळ घे."

गोदानं तिला पोटाशी घेतलं. "मला पण गं, बाळा." दोघी पहिल्यांदाच एकमेकींजवळ रडल्या, आणि पिवळा उजेड खोलीभर पसरला.

सोमवारी दवाखान्यात नर्सबाई सुई घेऊन आल्या. म्हणाल्या, "या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील." गोदानं एकेक उतरवली आणि मोकळा हात पुढं केला. तेवढ्यात ठकूआजीनं तिचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हात सैल सोड बाई. इकडं माझ्याकडं बघ. आज जेवलीस काय ते सांग."

गोदाला हसू आलं. "तुमच्याच हातचा भात, आजी. मीठ कमी होतं."

"बरं बरं. उद्या खारट करते."

तोवर सुई लागूनही गेली होती.

सहा महिने सोपे नव्हते. गोदाचे केस पानांसारखे गळले आणि नंतर कोवळ्या गवतासारखे उगवले. पण एकाही खेपेला ती एकटी गेली नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ गेली. आता मधूनमधून दाखवायला येत जा."

मैना बकुळीकडे धावली. परी ढोलीच्या काठावर वाटच बघत होती. तिनं मैनेच्या कपाळाला इवलासा पंख लावला, आणि ती लाल, निळ्या, सोनेरी उजेडात हळूहळू विरून गेली. ढोलीत एकही फुटकी काच नव्हती. होत्या बारा नव्या, चिमुकल्या बांगड्या.

घरी गोदानं लेकीचा हात हातात घेतला. "हात सैल सोड. काय जेवलीस ते सांग."

मैना सांगत राहिली, बांगड्या चढत राहिल्या. त्यांची किणकिण गावभर गेली, आणि आपली गोष्ट इथं विसाव्याला बसली.