कोरा संगणक

एकदा एका तालुक्याच्या गावी खानझोडे नावाचे वयोवृद्ध संगणक-अध्यापक राहत असत. निवृत्तीनंतर ते घरीच दोन-चार जणांना शिकवीत. त्यांच्या शिष्येने, ऋजुताने, अंध विद्यार्थ्यांसाठी एक प्रोग्रॅम तयार केला होता. पाठ्यपुस्तकाचे पान तो मोठ्याने वाचून दाखवी.

जिल्ह्याच्या अंधशाळेत आठ संगणक होते. ऋजुताने प्रोग्रॅम पाठवला, तेव्हा तीन बोलले आणि पाच मुके राहिले. बसने दोन तास जाऊन तिने ते सुरू करून दिले. पुढच्या आठवड्यात त्यांतलेच दोन संगणक दुरुस्तीहून कोरे होऊन आले, तेही मुके. ती पुन्हा गेली, तेव्हा तिथले शिक्षक मोटघरे, जे स्वतः दृष्टिहीन होते, म्हणाले, “ताई, परीक्षा पंधरा दिवसांवर आली. पोरं रोज बटणं दाबून बघतात अन् उठून जातात.”

ऋजुता तणतणत खानझोडे सरांकडे आली. “माझ्या संगणकावर एकदाही अडत नाही, सर. त्यांचेच संगणक भंगार आहेत!”

सरांनी एक संगणक तिच्यापुढे सरकवला. “यावर बसव.”

तिने बसवला, पण आवाज निघेना. मग तिला आठवले, आवाजाची फाइल वेगळी टाकावी लागते. ती टाकली. त्यानंतर मराठी फाँट, आणि मग एक सेटिंग बदलावी लागली. अखेर संगणक बोलू लागला. ती समाधानाने वळली, तोच सरांनी तो पुसून पार कोरा केला.

“पुन्हा बसव.”

असे चारदा झाले. “ही काय चेष्टा आहे, सर? आत्ता चालत होता ना!”

“चालत होता. पुन्हा बसव.”

त्याच त्या खटाटोपाचा तिला इतका वीट आला, की रागाच्या भरात तिने फाइल, फाँट, सेटिंग सारे प्रोग्रॅमबरोबरच बांधून टाकले. एक बटण दाबले, की सगळे आपोआप जागच्या जागी बसावे. तिने बटण दाबले आणि हाताची घडी घालून बसली. संगणक बोलू लागला.

सर शांतपणे म्हणाले, “आजवर तू त्यांना प्रोग्रॅमचा अर्धाच भाग पाठवत होतीस. उरलेला तुझ्या संगणकात आणि तुझ्या डोक्यात होता. तू तिथे गेलीस की तो तुझ्याबरोबर जाई, म्हणून काम होई. ज्याला चालायला आपण जवळ असावे लागते, ते अजून पुरे झालेले नसते.”

दुसऱ्या दिवशी ऋजुताने तो एकत्र बांधलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून शाळेत पाठवून दिला.

परीक्षा पार पडल्यावर तिला सहज कळले, की मोटघरे सरांनी तो आठही संगणकांवर स्वतःच्या हाताने बसवला होता; इतकेच नव्हे, तर शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेलाही देऊन टाकला होता. तिला कुणी विचारलेसुद्धा नव्हते. क्षणभर तिला थोडे चुकल्या-चुकल्यासारखे वाटले. मग तिला उमगले, की आज कुठे आपले काम पुरे झाले.