वीतभर थडगे

खडकवाणच्या चर्चमागे कडुनिंबाखाली एक थडगे आहे. जेमतेम वीतभर लांबीचे. पाहुणे ते पाहून हळहळतात आणि कुणाचे बाळ गेले म्हणून विचारतात. चर्चची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या रूथमावशी म्हणतात, "बाळाचं नाही. बाप्यामाणसाचं आहे." मग पाहुण्यांना पारावर बसवून त्या सांगू लागतात.

मोठा दुष्काळ पडला तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. माणसे झाडपाला शिजवून खात होती. त्या वर्षी हॉलिस नावाच्या मिसबाई विलायतेहून इथे आल्या आणि बायकांच्या पोटाला काही मिळावे म्हणून त्यांना लेस विणायला शिकवू लागल्या. ही लेस सुईची नव्हे, कांड्यांची. मांडीवर गवत ठासून भरलेली उशी घ्यायची, तिच्यावर नक्षी टोचलेला कागद लावायचा. प्रत्येक धाग्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी कांडी असे. कांड्या एकमेकींवरून टाकायच्या, पीळ द्यायचा, टाचणी रोवायची, की सुताची जाळी उमटत जाई. कांड्या घरंगळू नयेत म्हणून त्यांच्या शेपटाला रंगीत मणी ओवलेले असत. बहुतेक कांड्या इथल्या सुताराने केल्या होत्या. थोड्या मात्र मिसबाईंच्या आजीच्या होत्या, हाडाच्या.

त्यांतली एक सगुणेच्या वाट्याला आली. तिच्यावर तांबड्या-निळ्या ठिपक्यांनी नाव कोरलेले होते. सगुणेला वाचता येत नव्हते. इतक्या निगुतीने कोरलेले नाव कुणा संताचेच असणार, असे तिने मनाशी धरले. तिचा धाकटा भाऊ संतू तेव्हा तुरुंगात होता. धान्याचे कोठार लुटताना पहारेकरी मेला. काठी कुणाची बसली ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण पळता आले नाही म्हणून सापडला तो संतू. सगुणा रोज कामाला बसताना कांडी कपाळाला लावी आणि म्हणे, "बाबा, माझ्या संतूला सोडव." तिचे पाहून इतर बायकाही ती कांडी मागून घेऊ लागल्या. कुणी आजारी पोरासाठी, कुणी परागंदा नवऱ्यासाठी. त्यांनी तिला नावही दिले म्हणे, कांडीबाबा.

एके दिवशी मिसबाईंनी हे पाहिले. काय चालले आहे ते कळताच त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि अडखळत सांगू लागल्या. कांडीवरचे नाव होते अबनेर कोल, आणि तो खुनी होता. आजीच्या गावाजवळ त्याला चारचौघांदेखत फाशी दिले. ते पाहायला गावेच्या गावे लोटली, खाऊची दुकाने लागली, आणि कांड्या कोरणाऱ्यांनी त्याच्या नावाच्या कांड्या विकल्या. आजीने लहानपणी तिथेच ही घेतली होती.

बायकांच्या उशांवरचे हात थांबले. एकीने विचारले, "माणूस वर लटकतोय, आणि खाली जत्रा?"

मग काशीबाई नावाची बाई सगुणेकडे वळली. "फासावर गेलेल्याला भावाचा जामीन मागत होतीस होय गं?"

सगुणेने निखारा टाकावा तशी कांडी टाकली. ती विहिरीत फेका, असे कुणी म्हणाले. तेच पाणी आपण पितो, असे दुसरीने सुनावले. शेवटी मिसबाईंनी ती रुमालात गुंडाळून नेली.

आठवडाही लोटला नसेल, संतूला फाशी दिल्याचा सांगावा आला. सगुणा चुलत्याबरोबर बैलगाडी घेऊन त्याला आणायला गेली. शिपायांनी त्यांना फाटकावरूनच परतवले. देह आत पुरून टाकला होता आणि जागा दाखवायची नव्हती. तिच्या हातात फक्त संतूचे मुंडासे दिले. गाडी रिकामीच गावात शिरली तेव्हा काशीबाईने दार लावून घेतले, असे सांगतात.

सगुणा घरी न जाता थेट मिसबाईंकडे गेली आणि तिने ती कांडी मागितली. आता सगुणा कांडी ठेचणार, असे मिसबाईंना वाटले.

"ह्या कांडीवरल्याला पुरलं कुठं?" सगुणेने विचारले.

"तुरुंगातच. खूण ठेवत नाहीत."

"बहीण होती त्याला?"

मिसबाईंना ते ठाऊक नव्हते.

"असंल तर तीबी अशीच रिकामी परतली असंल," सगुणा म्हणाली.

निंबाखाली तिने खुरप्याने खड्डा केला. कांडी मुंडाशात गुंडाळून आत ठेवली. मिसबाई गुडघे टेकून हातांनी माती लोटू लागल्या. काशीबाई कांडी ठेचायला दगड घेऊन आली, पण जवळ यायचा तिला धीर होईना. हे काय करतेस, एवढेच तिने लांबून विचारले.

सगुणा म्हणाली, "एकाचं नाव हाय, एकाचं मुंडासं. दोघांचं मिळून एक माणूस तरी पुरते मी."

काशीबाईने पुढे होऊन तो दगड मातीवर ठेवला.

त्या दगडावर आजही अक्षर नाही. गावात कुणाचा माणूस तुरुंगात गेला, की त्या घरची बाई इथे येऊन बसते. वाटेने जाणाऱ्या बायका डोक्यावरचे ओझे उतरवतात आणि तिच्याजवळ टेकतात. त्याने काय केले, हे खडकवाणात आजही कुणी विचारत नाही.