आकाशातून येणारं गाणं

“पैशाचं सोडा हो, माई. ती वर्गणी भरण्याजोगी आहे की नाही, एवढंच मला सांगा.”

त्रिंबकराव जोगळेकरांनी हे विचारलं तेव्हा माई कोकमाचे रातांबे फोडत बसल्या होत्या. बिया आणि गर टोपात, साली सुपात. मनगटापर्यंत हात लालभडक झाले होते.

उत्तराची घाई माईंना कधीच नसे. खाडीकाठच्या देवळामागे त्यांचं झोपडं. पंचक्रोशीतली माणसं आपापले गुंते घेऊन तिथे यायची आणि माईंच्या हातात जे काम असेल त्याला हात लावून बसायची. तिथला रिवाजच तो. त्रिंबकराव मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. धोतर परीटघडीचं होतं आणि रातांब्याचा डाग काही केल्या निघत नाही.

त्रिंबकराव म्हणजे साधी असामी नव्हे. उभी हयात तालुक्याच्या गावी गाणं शिकवण्यात गेलेली. कोणी बेसूर गायलं की यांचं डोकं उठे, आणि कोणी सुरात गायलं की “शिकलास कोणाकडे?” असं विचारून नाक मुरडत. घराणं, बंदिश, लय, सगळं बोटांवर. फक्त माईंपुढे आले की आवाज आपोआप एक पट्टी खाली उतरे.

“वर्गणी कसली म्हणालास?” माईंनी विचारलं.

“रेडिओची.”

“रेडिओला वर्गणी?”

“हा तसला रेडिओ नव्हे, माई. उपग्रहाचा आहे.” त्रिंबकराव सरसावून बसले. “आपल्या या डोंगरांत साध्या रेडिओची नुसती खरखर. हा थेट आकाशातून येतो. पोथीएवढा एक चपटा अँटेना खिडकीत ठेवायचा, पूर्वेला तोंड करून. संपलं काम. दिवसरात्र शास्त्रीय संगीत. सकाळी सकाळचे राग, दुपारी दुपारचे. आणि मधे एक जाहिरात नाही! वर्षाची वर्गणी भरायची आणि ऐकत राहायचं. संपली की रेडिओ मुका. आमचा गेल्या आठवड्यात मुका झाला.”

“मग?”

“मग पुन्हा भरावी की नको, ते ठरत नाही म्हणून तर आलो.”

माईंनी आणखी एक रातांबा फोडला.

“ऐकतं कोण?”

“कुमुद.”

कुमुद म्हणजे त्रिंबकरावांची बायको. अर्धांगाचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. जीभ जड झाली. तेव्हापासून पूर्वेच्या खिडकीशी टाकलेली खाट हेच तिचं जग. तिचं न्हाणंधुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं त्रिंबकराव स्वतः करत. यात त्यांनी कधी कुचराई केली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

“तिच्यासाठीच घेतला तो,” ते म्हणाले. “तिला गाण्याचं वेड. मी ओसरीवर शिकवायचो आणि ही आत पोळ्या लाटता लाटता गुणगुणायची. माझ्यापेक्षा सुरेल, माई. मी कधी तिला तसं म्हटलं नाही. वाटलं, आता पडून आहे, तर निदान कानांवर चांगलं काही पडावं...”

इतक्यात पाणंदीतून एक बाई चालली होती. डोक्यावर लाकडांची मोळी. तिनं तिथूनच हाक दिली.

“माई गो, च्या झाला काय?”

“झाला गो,” माई म्हणाल्या. “तुझा?”

“व्हयत हाय. सुनेन आधण ठेवलान.”

“नातू कसा हाय?”

“ताप उतरला. पेज जेवला सकाळी.”

“जेवू दे, जेवू दे.”

बाई बोलत बोलतच वळणाआड गेली. माईंनी तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिकडेच तोंड ठेवलं होतं.

त्रिंबकरावांच्या कपाळावर आठी आली. ऐन मनातलं बोलणं असं मधेच कापलं गेलेलं कोणाला आवडेल?

“माई, तुम्ही चहा घेत नाही.”

“नाही घेत.”

“मग झाला म्हणालात ते?”

“मी घेत नाही, हे तिला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे, तर विचारते कशाला?”

माईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तू कुमुदचं सांगत होतास,” त्या म्हणाल्या.

“हां. तर तो रेडिओ आला आणि घर कसं शांत झालं. त्याआधी नुसता मासळीबाजार.”

“तुझ्या घरात?”

“खिडकीत! ती भागी कोळीण. रोज सकाळी बंदरावरून निघाली की आधी आमच्या खिडकीशी. आमच्यात मासे चालत नाहीत, हे साऱ्या गावाला माहीत. पण ही टोपली कठड्यावर टेकवणार आणि सुरू होणार. ‘वयनी, सुरमयकडं बघू नुको, सोन्याचा भाव आलाय. वयनी, बांगडा आज ताजा हाय, पण तुमाला काय त्याचा!’ कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या होडीचं जाळं फाटलं, कोणी कोणाला शिव्या घातल्या. टोपलीचा वास पार ओसरीपर्यंत. आमच्या घरात जन्मात मासा शिजला नाही, माई, पण पापलेट कधी स्वस्त होतं ते कुमुदला तोंडपाठ.”

माईंच्या तोंडावर हसू आलं.

“आणि कुमुद काय करायची?”

“हसायची. उजव्या बाजूनं जेवढं हसता येतं तेवढं. आणि बोलायची. बोबडं, अडखळत. भागीला ते कसं समजायचं, देव जाणे. मला निम्मं कळत नसे.”

“आता नाही येत भागी?”

“मीच सांगितलं तिला.” त्रिंबकरावांनी घाईघाईनं पुढचं जोडलं, “रागावून नव्हे हो! त्या अँटेनाला समोरचं आकाश मोकळं लागतं. मधे कोणी उभं राहिलं की आवाज बंद. एकदा सकाळी तोडी अशी रंगात आलेली, आता सम येणार, आणि गप्प! पाहतो तर बाईसाहेब टोपली घेऊन खिडकीत उभ्या. तेव्हा बाहेर जाऊन, तिला बाजूला घेऊन म्हटलं, बाई गं, इथे उभी राहू नकोस, गाणं तुटतं. शहाणी बाई. पुन्हा आली नाही. हल्ली मागच्या पाणंदीनं जाते.”

“तो चपटा डबा दुसरीकडे ठेवता आला नसता?”

“पूर्वेला तेवढी एकच खिडकी. कौलांवर ठेवला असता, पण माकडं ठेवतील होय!”

माईंचे हात थांबले होते. टोपातल्या रसावर एक माशी येऊन बसली. ती त्यांनी हाकलली नाही.

“मग कुमुद?”

“शांत. हूं नाही की चूं नाही. डोळे मिटून ऐकत असते.” त्रिंबकरावांनी उपरण्यानं मान पुसली. “एकच काळजी आहे. डॉक्टर बजावून गेलेत, तिला बोलतं ठेवा. सवय गेली तर आहे ती वाचाही जाईल, मग काही करता येणार नाही. मी प्रयत्न करतो, नाही असं नाही. रोज तिन्हीसांजेला जवळ बसतो. म्हणतो, सा लाव. रामरक्षा म्हण. ती डोळे उघडत नाही. मला वाटायचं, मनात गाणं चाललं असेल. कशाला मोडा?”

“आणि रेडिओ मुका झाल्यावर?”

त्रिंबकराव उपरण्याची घडी घालू लागले.

“बोलली काही?”

“बोलली...”

“काय म्हणाली?”

“काही नाही हो. बायकांच्या डोक्यात काय येईल, नेम नाही.” ते हसले. सांगताना हसूनच सांगायचं असं घरून ठरवून आले असावेत. “मी तिला चहा पाजत होतो. तर एकदम म्हणाली, ‘अहो... भागी कधी गेली?’ म्हटलं, कुठे गेली? तर म्हणाली, ‘मेली ना ती. तुम्ही मला सांगितलं नाहीत.’”

हसू तिथेच संपलं.

“मी म्हटलं, अगं, चांगली धडधाकट आहे! मागच्या पाणंदीनं जाते, मीच जायला सांगितलंय तिला. मला वाटलं, ऐकून बरं वाटेल.”

“तर?”

“तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर एक शब्द नाही, माई. काय हवं विचारलं तर नुसती मान. काल तीही हलवली नाही.”

खाडीवरून वारा आला. सुपातल्या साली खडखडण्याइतक्या अजून वाळल्या नव्हत्या, पण त्यांचा आंबट वास झोपडीभर झाला.

त्रिंबकरावांना माईंचं हे गप्प बसणं नेहमी अवघड जाई. आज फारच गेलं. त्यांनी आपण आत्ता काय काय बोललो ते मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. दुसऱ्याच्या गाण्यातलं खोटं त्यांना पहिल्या आवर्तनात कळे. आपल्या बोलण्यातलं कळायला मात्र माईंच्या दारात येऊन बसावं लागलं.

“वर्षभर...” ते म्हणाले.

माई ऐकत होत्या.

“वर्षभर ती भागीचं सुतक पाळत होती, आणि मी समजत होतो, तोडी ऐकतेय.”

बोलता बोलता त्यांनी सुपाशेजारचा एक रातांबा उचलला होता. तो कधी फुटला ते त्यांना कळलं नाही. रस मनगटावरून धोतरावर ओघळला. डोळ्यांतलं पाणीही त्यांनी पुसलं नाही. माईंसमोर हे चालायचं.

माईंनी त्यांना रडू दिलं. दोन-चार रातांबे त्यांच्यापुढे सरकवले. त्रिंबकरावांनी ते निमूट फोडले, वेडेवाकडे.

जरा वेळानं त्यांचा आवाज ठिकाणावर आला आणि आवाजाबरोबर जुना ताठाही थोडा परत आला.

“ठरलं तर. नकोच ती वर्गणी. घरी गेलो की आधी तो डबा खिडकीतून काढतो आणि खाडीत भिरकावून देतो. तुम्ही डोळे उघडलेत, माई. गाणंबिणं सगळं मोह.”

“कुमुदला गाणं नकोसं झालंय?”

“छे! तिचा जीव आहे गाण्यावर.”

“मग टाकतोस ते कोणाचं?”

हे त्रिंबकरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकदा त्यांनी तिला न विचारता भागी बंद केली होती, आणि आता न विचारताच गाणं बंद करायला निघाले होते.

“पण माई, अडचण समजून घ्या. भागी खिडकीत आली की गाणं तुटणार. गाणं अखंड हवं तर खिडकी मोकळी हवी. आकाश तरी दिसेल, नाहीतर भागी तरी. दोन्ही एका खिडकीत मावत नाहीत. म्हणून तर पहिल्यापासून विचारतोय. हे की ते? एक काहीतरी सांगा.”

माई उठल्या. रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतले. लाली गेली नाहीच. मग तोच तांब्या त्यांनी त्रिंबकरावांच्या हातांवर ओतला.

“कोळीवाडा कुठे आहे, ठाऊक आहे का तुला?”

“बंदराच्या पलीकडे. पण मी तिथे कधी...”

“आज जा.”

“मी? भागीकडे? आणि काय सांगू तिला?”

माईंनी रिकामा तांब्या पालथा घातला.

“वर्गणी भर, त्रिंबक. आणि भागीला सांग, गाणं तोडायला रोज येत जा.”