शेजारघागर

सावरीच्या आईची होडी इतकी गळकी होती, की आईनं वल्हं मारायचं आणि सावरीनं करवंटीनं पाणी उपसायचं, असं दोघींचं ठरूनच गेलं होतं. गळक्या होडीत कोण बसणार? बसलंच तर एखादी शेळी, नाहीतर घाईतले आजोबा. त्यामुळे संध्याकाळी टोपलीत एकच भाकरी असायची. आई म्हणायची, "मला आज भूकच नाही बाई." सावरी म्हणायची, "मला तर कालपासून नाही!" मग दोघी खुदकन हसायच्या आणि अर्धी अर्धी भाकरी मिठाबरोबर खायच्या.

त्यांच्या राज्याचं नाव नावघाट. नकाशात शोधू नका हं मुलांनो, सापडायचं नाही. तिथं एकाला एक लागून तीन चिमुकली राज्यं होती आणि चौथं नदीपलीकडे. नावघाटाकडे रंगीत होड्या, गव्हाळीकडे सोनेरी गव्हाची शेतं, झरेगावाकडे निळेशार झरे आणि पलीकडच्या मोगरवाडीकडे नुसता मोगरा. पांढराशुभ्र, टपोरा, पहाटे उमलला की नदीसुद्धा वास घेत जरा हळू वाहायची. प्रत्येक राज्याला एकेक राजा होता, झरेगावाला राणी; पण आपली गाय आपणच धुणारे, इतके साधे.

या चारही राज्यांत एक रीत होती. प्रत्येक घराच्या दाराशी एक घागर काठोकाठ भरून ठेवायची. तिला म्हणायचे शेजारघागर. तिच्यातलं पाणी घरच्यांनी प्यायचं नाही की अंगणात शिंपायचं नाही. कुठल्याही राज्यात आग लागली आणि तिथला नगारा धडाम् धडाम् धुम् वाजला, की आपापली घागर उचलायची आणि धावत सुटायचं. सावरी पाळण्यात होती तेव्हा तिचं घर पेटलं होतं. त्या वेळी सगळ्यांत आधी नदी ओलांडून आली मोगरवाडीची पुतळामावशी. तिनंच सावरीला पाळण्यासकट बाहेर काढलं. मावशीच्या हातावर भाजल्याचा डाग राहिला होता. मावशी भेटली की सावरी त्या डागावर अजून हळूच फुंकर घालायची.

या चिमुकल्या राज्यांच्या शेजारी होतं भलंमोठं पोलादगड. तिथला राजा चंडप्रताप. त्याच्याकडे सगळं होतं, म्हणून त्याला आणखी हवं होतं. एके दिवशी वाऱ्याबरोबर मोगऱ्याचा वास त्याच्या महालात आला. राजा म्हणाला, "वास माझ्या घरात येतो, म्हणजे फूल माझंच. आणि फूल माझं, तर मोगरवाडीही माझीच!" दरबार म्हणाला, "वा वा!" दरबाराला दुसरा शब्द येतच नव्हता.

आणि मग सैन्य आलं. काळ्या चिलखतांचं, लांबच लांब. नावघाटाबाहेरच्या कोरड्या माळावर त्यांचे तंबू पडले. तिथून नदीकडे जायची वाट एकच, नावघाटातून. सेनापती गोड बोलला, "घाबरू नका. भांडण मोगरवाडीशी आहे, तुमच्याशी नाही. आम्हाला नदी ओलांडायला फक्त होड्या द्या." गव्हाळीला म्हणाला, "फक्त पीठ द्या." झरेगावाला म्हणाला, "फक्त पाणी."

एवढंच तर मागतायत, असं प्रत्येकाला वाटलं. दिलं.

पहिली तुकडी होड्यांत बसून पलीकडे गेली, आणि मोगरवाडीचा नगारा वाजू लागला. धडाम् धडाम् धुम्! धडाम् धडाम् धुम्!

नावघाटाची माणसं घागरी घेऊन धावत घाटावर आली. सावरीही आली, आपली पितळेची घागर कमरेवर घेऊन. पण नावघाटचे सुभानजीराजे वाटेत उभे होते. बारकेसे, काळजीनं वाळलेले. आजोबांचा मुकुट त्यांना मोठा व्हायचा आणि सारखा डोळ्यांवर यायचा.

"थांबा," ते म्हणाले. "आपली रीत आगीची आहे. पलीकडे धूर दिसतोय का?"

सगळ्यांनी पाहिलं. धूर नव्हता.

"मग ही आग नाही. ही लढाई आहे. लढाईचं रीतीत काही सांगितलेलं नाही."

"पण महाराज, तिकडे पुतळामावशी आहे!" सावरी म्हणाली.

राजांनी मुकुट वर सारला. त्यांचे डोळे ओले होते. "पोरी, आपण नाही म्हटलं तर उद्या आपली पाळी. आपण एकटे काय करणार?"

माणसांनी माना खाली घातल्या आणि ती घरी गेली. नगारा बराच वेळ वाजत राहिला. मग एकदम थांबला. सावरीला वाटलं, वाजत होता तेव्हा बरं होतं.

घरी आईनं सांगितलं, "उद्या आपल्याही होडीतून शिपाई न्यायचेत. हुकूम आलाय." तिनं वल्हं दाराआड लपवलं, मग पुन्हा बाहेर काढून ठेवलं. सावरी घागर घेऊन नदीकाठच्या केवड्याच्या बनात गेली. सैन्याच्या बुटांनी बन पार तुडवलं होतं. एक इवलंसं केवड्याचं रोप मातीत आडवं पडलं होतं.

"तूही शेजारीच की," सावरी म्हणाली. तिनं रोप सरळ केलं, त्याला मातीची भर दिली आणि आख्खी शेजारघागर त्याच्या मुळाशी ओतली.

रोप थरारलं. त्याची पानं हिरवी झाली, मग पोपटी, मग पिवळीजर्द, आणि पानांच्या मधून सोनपिवळ्या झग्याची पिटुकली परी बाहेर आली. तिचे पंख साखरेसारखे चमचमत होते.

"दुसऱ्यासाठी ठेवलेलं पाणी तू मला दिलंस," परी म्हणाली. "माझ्याकडे दोन इच्छा आहेत, त्या तुझ्या. पण नियम नीट ऐक. माझ्या जादूनं कुणाचाही जीव जात नाही. आणि आपल्यापुरतंच मागितलंस तर मिळेल, पण त्याचा भार शेजाऱ्यावर पडेल."

सावरीनं ऐकलं. पण घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं, तसं तिचं झालं. तिच्या डोळ्यांपुढे वल्हं लपवणारी आई होती. ती घाईघाईनं म्हणाली, "आमचा नावघाट कुणाला दिसूच नये! मग शिपाई येणार नाहीत, होड्या नेणार नाहीत."

परी काहीतरी बोलणार होती. पण इच्छा ती इच्छा. तिनं छडी फिरवली.

सकाळी नावघाट दुधासारख्या पांढऱ्या धुक्यात बुडून गेला होता. धुक्यात चंदेरी कण लुकलुकत होते. माळावरचे शिपाई घाट शोधत गोल गोल फिरले, एकमेकांवर आपटले आणि वैतागून तंबूत परतले. सावरीनं आईला मिठी मारली. किती दिवसांनी आई हसली!

तेवढ्यात नदीवरून हाका आल्या.

"नावघाट! अरे, नावघाट कुठंय?"

मोगरवाडीची माणसं होती ती. केळीच्या खांबांचे तराफे करून, लेकरं मधोमध बसवून निघाली होती. पण त्यांना किनारा दिसत नव्हता. हाका कधी डावीकडून येत, कधी उजवीकडून. लहान मुलं रडत होती. आणि एक आवाज सावरीनं ओळखला. "सुभानजीराजे! कुणी आहे का हो? तराफा सुटत चाललाय!" ती पुतळामावशी होती.

 सावरीला नियमाचा राहिलेला अर्धा भाग आत्ता ऐकू आला. शत्रूला दिसू नये म्हणून तिनं घर झाकलं होतं, आणि ते मावशीलाही दिसत नव्हतं.

"आई, माझं चुकलं! माझ्यामुळे झालंय हे!"

"रडायला मागून वेळ आहे," आई म्हणाली. "आधी त्यांना आवाज दे!"

सावरीचा एवढासा आवाज धुक्यात विरून गेला. तिनं इकडेतिकडे पाहिलं. दाराशी रिकामी घागर होती. तिनं ती पालथी घातली आणि वल्ह्याच्या दांड्यानं बडवायला सुरुवात केली. धडाम् धडाम् धुम्! धडाम् धडाम् धुम्!

आवाजाच्या रोखानं तराफे वळले. पण तो आवाज फक्त नदीवर गेला नाही. तो गव्हाळीत गेला, झरेगावात गेला. तिथल्या माणसांनी दारं उघडली, तर नावघाटावर पांढरंधोप दाटलेलं!

"अगं बाई, केवढा हा धूर! नावघाट पेटला!"

उचलल्या घागरी आणि निघाली सगळी. धुक्यात वाट दिसत नव्हती, पण शेजाऱ्याच्या घराची वाट पायांना पाठ असते. नावघाटची माणसंही घागरी घेऊन बाहेर पडली. बघता बघता तीन राज्यांची माणसं घाटावर गोळा झाली, आणि त्याच वेळी तराफे काठाला लागले.

"कुठंय आग?" धापा टाकत गव्हाळीचे राजे म्हणाले.

पुतळामावशी चिंब भिजून पायऱ्या चढत होती, कडेवर कुणाचं तरी लेकरू. ती म्हणाली, "आग मोगरवाडीला लागलीय. धूर निघाला नाही, म्हणून तुम्ही आला नाहीत."

 घागरीतलं पाणी तेवढं डुचमळत होतं.

मग गव्हाळीचे राजे पुटपुटले, "होड्या नावघाटानं दिल्या."

"पीठ तुम्ही दिलंत," सुभानजीराजे म्हणाले.

"आणि पाणी आम्ही," झरेगावची राणी खाली बघत म्हणाली. "माझ्या मनात आलं होतं नाही म्हणायचं. पण एकटीनं कसं म्हणू?"

"मीही हेच म्हणत होतो!" सुभानजीराजे एकदम म्हणाले आणि त्यांचा मुकुट डोळ्यांवर आला. "आपण सगळ्यांनी मिळून एकदम नाही म्हटलं तर?"

"तो चिडेल," कुणीतरी म्हणालं.

"चिडेलच."

सगळ्यांना भीती वाटत होती.  सावरी धावत केवड्याच्या बनात गेली. "परीताई, सगळ्यांची भीती काढून टाक ना!"

"भीती काढता येत नाही गं राणी," परी हळुवारपणे म्हणाली. "दुसरं माग."

सावरीनं डोळे घट्ट मिटले. "मग हे धुकं काढ. आम्ही लपलोय ते पुरे झालं. आम्हाला दिसू दे."

"नक्की? सैन्यालाही दिसाल."

"हो," सावरी म्हणाली. ते "हो" इतकं बारीक होतं, की परीलाच काय ते ऐकू आलं.

धुकं उचललं गेलं. कोवळं केशरी ऊन घाटावर सांडलं. माळावरून सैन्यानं पाहिलं तर घाटाच्या पायरीपायरीवर माणसं उभी होती, चारही राज्यांची, हातात घागरी घेऊन. पितळ उन्हात झगझगत होतं. होड्या त्यांच्या पाठीमागे बांधलेल्या होत्या.

सेनापती घोड्यावरून आला. "होड्या द्या!"

सुभानजीराजांनी मुकुट वर सारला. "नाही," ते म्हणाले.

"पीठ?"

"नाही," गव्हाळीचे राजे म्हणाले.

"पाणी?"

झरेगावची राणी म्हणाली, "पाणी मिळेल. भाला खाली ठेवून घरी परत जाणाऱ्याला."

सेनापती लालबुंद होऊन निघून गेला. तुम्हाला वाटेल, झालं, संपली गोष्ट. नाही हो. पुढचे दिवस फार वाईट गेले. रोज वाटायचं, आज येणार. माणसं पाळीपाळीनं घाटावर उभी राहायची. कुणाचं जेवणात मन लागायचं नाही. गव्हाळीचे राजे एकदा कुजबुजले, "एकच पोतं देऊन टाकू का? तेवढ्यानं शांत होईल." पुतळामावशीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि पोतं तिथंच राहिलं.

आता स्वतः माळावरच्या तंबूत येऊन बसलेल्या चंडप्रतापानंही हेच हेरलं होतं. चौघांशी एकदम कशाला लढायचं, कुठलं तरी एक राज्य घाबरलं की झालं! त्यानं गव्हाळीच्या पिवळ्या शेताला आग लावायला लावली. नगारा वाजला, आणि तिन्ही राज्यांतून घागरीच घागरी धावल्या. मोगरवाडीच्या माणसांकडे स्वतःचं घर उरलं नव्हतं, पण उसन्या घागरी घेऊन तीच सगळ्यांच्या पुढे होती. अर्धं शेत गेलं, अर्धं वाचलं. वाचलेल्या शेताकडे बघत गव्हाळीचे राजे म्हणाले, "आता एक मूठ पीठ मिळायचं नाही त्याला."

माळावर भट्ट्या थंडावल्या. पखाली सुकल्या. एके दिवशी एक कोवळा शिपाई आला, त्यानं भाला खाली ठेवला आणि ओंजळ पुढे केली. सावरीनं घागरीतून धार धरली. तो घटाघटा प्यायला आणि पोलादगडच्या वाटेला लागला. मग दुसरा आला, मग रांगच लागली. मोगरवाडीत अडकलेल्या तुकडीनं भाले नदीत टाकले, तेव्हा नावघाटच्या होड्यांनी त्यांनाही या काठाला आणून सोडलं. शेवटी चंडप्रताप एकटाच तंबूत राहिला. तोही पाय आपटत गेला.

मोगरवाडीचा मोगरा तुडवला गेला होता. काही घरी दिवा लावायला कुणी परत आलं नाही. त्यांच्या अंगणात चारही राज्यांच्या माणसांनी मोगऱ्याची रोपं लावली आणि ती रडत रडत शिंपली.

त्या संध्याकाळी सावरी होडीशी आली, तर होडी केवड्यासारखी पिवळी झाली होती. तळाला एकही भोक नव्हतं. वल्ह्याला घमघम वास येत होता. होडीच्या टोकावर परी बसली होती.

"ही तुझी," परी म्हणाली. "हिच्यात कधी पाणी शिरणार नाही, कितीही माणसं बसली तरी."

सावरीला खूप आनंद झाला. पण मग ती पोलादगडच्या दिशेला बघत राहिली. "परीताई, ते परत येतील का?"

परी खोटं बोलली नाही. "येतीलही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? तुझी घागर भरलेली आहे का?"

परीच्या पंखांतून सोनेरी प्रकाश फुलला. तो नदीभर पसरला, होड्यांवर, घाटावर, पलीकडच्या चिमुकल्या रोपांवर, आणि त्या लखलखाटात परी दिसेनाशी झाली. राहिला तो केवड्याचा मंद वास.

सावरीनं घागर उचलली. बडवून बडवून तिला पोचे आले होते, पण ती गळत नव्हती. तिनं ती नदीत बुडवून काठोकाठ भरली आणि दाराशी ठेवली. तेव्हापासून त्या चार राज्यांत नगारा वाजला की आधी धूर कुणीही शोधत नाही.