उकडलेल्या बियांचा वाफा

शके अठराशे पंधरा साली श्री डोहोबा महाराज मेळघाटच्या डोंगरात जामनढाण्याला येऊन राहिले. कुठून आले हे कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी महाराजांनी सांगितले नसते. एका सकाळी धुके विरले तेव्हा वस्तीच्या वरच्या अंगाला, देवराईतल्या डोहाशी, खांद्यावर घोंगडी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ बसलेले दिसले. बाया घागरी घेऊन थबकल्या. महाराज हसून म्हणाले, "भरा गं मायांनो. पाणी तुमचंच. मी नुसता राखणीला बसलोय." तेव्हापासून सारे त्यांना डोहोबा महाराज म्हणू लागले.

जामनढाणा ही कोरकू लोकांची लहानशी वस्ती. तिच्या माथ्यावर उंबर, जांभूळ आणि बेहड्याची जुनी राई होती. राईत मुठवा देवाचे ठाणे आणि उंबराच्या मुळाशी झरा, त्याचाच पुढे डोह झालेला. वैशाख कितीही तापो, त्या झऱ्याची धार तुटत नसे. राईला लागूनच कॉफीचा मळा पसरला होता. गोऱ्या साहेबाने तो लावला आणि कंटाळून विकला. मग तो इजारदार अमृतराव ठोसरांकडे आला; राई आणि वस्तीची जमीनही सरकारकडून त्यांच्याच मक्त्यात होती.

त्या काळी आपल्याकडे कॉफी कुणाला ठाऊक होती! डोंगराखालच्या माणसांनी तिचे नावही ऐकले नव्हते. पण चैत्रात ती झाडे फुलली की फांदीफांदीला पांढरे झुबके लागत, आणि मोगऱ्यासारखा वास खालच्या दरीपर्यंत उतरे. गुरे चरायची थांबून नाक वर करत असत म्हणतात. तसा वास पुढे कुठेच भेटला नाही.

अमृतराव विद्वान माणूस. इंग्रजी पुस्तके मागवून त्यांनी कॉफीचा सारा इतिहास वाचला होता. अरब लोक फार वर्षे कॉफीचे बी उकडूनच परदेशी विकत, म्हणजे ते कुठे रुजू नये आणि झाड आपल्याच हाती राहावे, हे वाचल्यापासून त्यांनी मळ्यात तसाच नेम घातला. दिवाळीला मजुरांना पसाभर बी मिळे, ते उकडलेले. शिवाय पाण्यात हळद टाकत, म्हणजे कुणाच्या झोपडीत पांढरे बी सापडले की ते चोरीचे ठरे. अमृतराव मिशीवर हात फिरवून म्हणत, "अरबांना हळद सुचली नव्हती. ती आपली अक्कल."

त्या कढईशी उभी राहून बी ढवळायचे काम मुंगायचे. मुंगाय विधवा बाई. पोटी लेकरू नाही, बोलणे थोडे. डोळ्यांदेखत बियांचा जीव जाई तेव्हा तिला बरे वाटत नसे, पण सांगणार कुणाला? आपल्या वाट्याचे पिवळे बी ती भाजून कुटायची, आणि रोज सकाळी पळसाच्या द्रोणात त्याचा काढा महाराजांना नेऊन द्यायची. महाराज तो डोळे मिटून पीत. एकदा म्हणाले, "मुंगाय, ह्यात फार लांबच्या माणसांचा घाम लागतो बघ." तिला त्याचा अर्थ कळला नाही. तिने मान डोलावली आणि द्रोण पुन्हा भरला.

त्या वर्षी मृगाच्या तोंडाशी अमृतरावांनी मनात घेतले की देवराई तोडायची. बंगल्याच्या ओसरीवर पाहुणे बसले होते, त्यांना ते सांगत होते, "एका गुराख्याच्या शेळ्या लाल बोरं खाऊन नाचू लागल्या, तिथून ही कॉफी निघाली. आता ब्राझील देशात पाहा, डोंगरच्या डोंगर जाळून साफ केलेत. उघड्या उन्हात झाड दुप्पट धरतं. आणि आम्ही इथे उंबर पुजत बसलोय!"

मुंगाय अंगणाच्या कडेला हात जोडून उभी राहिली. मालकांच्या कढईशी रोज उभी राहणारी म्हणून वस्तीने तिलाच पाठवले होते. वस्तीचा रंगू पटेल कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"मालक, राई नका तोडू जी," ती म्हणाली. "झरा राईच्या पोटात हाय. राई गेली का पानी जाते. पानी गेलं तर आमी कुठं जावं?"

"कोण सांगतं पाणी जातं?"

"डोहोबा महाराज सांगतात जी. कापी सावलीतबी होते, म्हनतात."

मुकादम किसन फिसकन हसला. "ऐका मालक! आता तो घोंगडीवाला आपल्याले कापी शिकवते!"

पाहुणेही हसले. अमृतरावांना चेव चढला. आत जाऊन त्यांनी ओंजळभर बी आणले आणि मुंगायच्या पदरात ओतले. हळदीने पिवळेजर्द झालेले, तिनेच शिजवलेले बी.

"घे. तुझ्या बुवांना सांग, हे राईच्या सावलीत पेरा. पोळ्याच्या आत उगवलं तर माझी कुऱ्हाड राईला लागणार नाही, ह्या मंडळींसमोर शब्द देतो. नाही उगवलं तर पोळ्याला राई तुटेल, आणि वस्तीनं बिऱ्हाड उचलायचं. कबूल?"

"मालक, हे तर उकडलेलं हाय."

"मग काय झालं? संत आहेत ना तुझे? का फुकटची कॉफी पिण्यापुरतेच?"

ओसरीवर हशा उसळला. मुंगाय पदर घट्ट धरून वळली. रंगू पटेल वाटेत कुरकुरला, "बाबाचं नाव काहून काढलं माय तू? आता राईबी गेली न् घरंबी गेली."

महाराज डोहाशी बसले होते. मुंगायने पदर त्यांच्यापुढे मोकळा केला आणि तिला रडू कोसळले. "बाबा, म्याच मारलं यायले. माह्या हातानं ढवळलं. हे कसं उगवन जी?"

महाराजांनी एक बी उचलून तळहातावर घेतले. पाखराचे पिल्लू न्याहाळावे तसे ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले.

"तुझ्या हातानं मेलं, तर तुझ्याच हातानं पेर," महाराज म्हणाले. "रोज पाणी घाल. आणि हे बघ, उगवलं का म्हणून उकरून पाहू नकोस. निजलेल्या लेकराचं पांघरूण सारखं काढू नये."

मुंगायने उंबराखाली वाफा केला. पालापाचोळ्याची काळी माती भुसभुशीत करून एकेक बी निजवले. मग आषाढ आला आणि डोंगर धुक्यात बुडाले. पाऊस पडत होता तरी ती सकाळी डोहातली ओंजळ नेऊन वाफ्यावर शिंपडायची, कारण महाराजांनी रोज म्हटले होते. किसन मुकादम येता-जाता ओरडे, "मुंगाय, उकडलेल्या अंड्याले कोंबडी बसवली का न्हाई अजून?" ती ओंजळ रिती करून डोहाकडे वळे. आषाढ सरला. वाफा होता तसाच काळा. श्रावण चढत गेला, गवत कमरेला लागले, पण वाफ्यात हिरवा ठिपका दिसेना. वस्तीतल्या माणसांनी गाडगी-मडकी बांधायला घेतली. मुंगायशी कुणी भांडले नाही, पण कुणी बोलतही नव्हते. तेच तिला जास्त लागे.

पोळ्याच्या आदल्या दुपारी धुके इतके दाट उतरले की उंबराची वरची फांदी दिसेना. मुंगाय वाफ्याशी बसून राहिली. तिला झोप लागली की ती जागीच होती, हे तिला पुढे कधी सांगता आले नाही.

धुक्यातून शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरे वाजली. एक सडपातळ गुराखी आला, त्याच्या शेळ्यांच्या तोंडांत लाल फळे होती. तो डोहाशी वाकून पाणी प्याला. त्याच्या मागून डोक्याला फडके गुंडाळलेले उंच पुरुष आले, त्यांच्या हातांत मुंगायच्या कढईसारखीच कढई होती. ती त्यांनी शरमून खाली ठेवली. मग खूप माणसे आली. काळीभोर, धिप्पाड, पायांत साखळदंड, पाठीवर वळ. साखळ्या दगडांवर घासत होत्या, तरी आवाज मात्र पाण्यासारखा मऊ येत होता. त्यांच्याही मागे कडेवर लेकरे घेतलेल्या सावळ्या बाया होत्या, चालून चालून त्यांचे पाय फुटले होते. त्यांच्या पाठीशी धुक्यात एक डोंगर दिसत होता, त्यावर कॉफीचीच झाडे, पण पानोपान तांबेरा पडलेला, सारा डोंगर वाळून गेलेला.

महाराज मधोमध बसून एकेकाला ओंजळीने पाणी पाजत होते. कुणाला घाई नव्हती. प्रत्येक जण पिऊन झाले की ओंजळीत उरलेले पाणी आणून मुंगायच्या वाफ्यावर सोडी. साखळदंडातला एक म्हातारा तिच्यापाशी थांबला. कुठली भाषा होती देव जाणे, पण तिला ती समजली.

"बाई," तो म्हणाला, "हे झाड आम्हीपण वाढवलं. सावली मात्र आज पहिल्यांदा मिळाली."

तिने डोळे उघडले तेव्हा धुके सोन्यासारखे उजळले होते आणि महाराज नेहमीच्या जागी घोंगडी पांघरून बसले होते. समोर वाफ्यातून इवले इवले दांडे वर आले होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बियाची पिवळी टोपी होती. हळद लागलेली चिमुकली नवरानवरी मांडवात उभी राहावीत तशी!  मुंगायने मातीवर डोके टेकले.

पोळ्याच्या सकाळी बैलांच्या शिंगांना रंग लागत होते, तेव्हाच अमृतराव कुऱ्हाडवाले घेऊन राईत आले. वाफा पाहून ते जागीच थांबले. क्षणात त्यांचा चेहरा लाल झाला.

"चोरी! कच्चं बी पेरलंस तू. कुठून उचललंस?"

"न्हाई जी मालक. मुठव्याची आण."

अमृतरावांनी खाली वाकून एक रोप उपटले. डोक्यावरचे टरफल त्यांनी नखाने सोलले, बोटांत चोळले. बोटे पिवळी झाली. त्यांनी वास घेतला. हळदच. त्यांच्याच कढईतली. दुसरे रोप पाहिले, तिसरे पाहिले. किसन मुकादम पुढे येऊन डोकावला आणि कुऱ्हाडवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"कुणी पाणी घातलं ह्याला?" अमृतरावांनी विचारले. 

मुंगायने भीत भीत पाहिले तसे सांगितले. शेळ्यांचा गुराखी सांगितला, कढईवाले सांगितले, तेव्हा अमृतराव म्हणाले, "ही माझ्याच तोंडून ऐकलेली गोष्ट सांगतेस." पण तिने साखळदंड सांगितले, पाठीवरचे वळ सांगितले, लेकुरवाळ्या बाया आणि तांबेऱ्याने वाळलेला डोंगर सांगितला, तसा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. ब्राझीलची जंगले जाळून केलेल्या मळ्यांत गुलामांना साखळदंडांत कसे राबवले, लंकेत उघडे केलेले डोंगर रोगाने कसे मेले आणि तिथल्या मळ्यांत राबायला दक्षिणेतून चालत गेलेली गरीब माणसे वाटेत कशी पडली, हे त्यांनी वाचले होते. ती पाने त्यांनी कधी कुणाला वाचून दाखवली नव्हती. मुंगायला तर अक्षरही येत नव्हते.

"ते काय म्हणाले?" त्यांनी हळूच विचारले.

"म्हातारा म्हनला, सावली आज पयल्यांदा भेटली."

अमृतराव महाराजांकडे वळले. महाराज डोहात बोटे बुडवून बसले होते.

"अमृतराव," महाराज म्हणाले, "झाडाला मालक कोण ते ठाऊक नसतं. पाणी कोण घालतं, तेवढंच त्याला कळतं. ते उपटलेलं रोप परत लावा. जगेल अजून."

इजारदारांनी पागोटे काढून दगडावर ठेवले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी ते रोप आपल्या हाताने परत मातीत लावले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "माझं चुकलं," ते म्हणाले. महाराजांनी त्यांना उठवले आणि म्हणाले, "तिलाही सांगा." तेव्हा अमृतराव ठोसरांनी भर वस्तीसमोर मुंगायला वाकून नमस्कार केला. ती बिचारी लाजून उंबरामागे लपली! "आता हे काय मालक, उठा जी, लोकं पाह्यतात," एवढे तिकडून ऐकू आले.

त्या पोळ्याला जामनढाण्यातली बांधलेली मडकी सोडली गेली आणि राईतच सगळ्यांचा स्वयंपाक झाला.

किसन मुकादम पुढच्या वर्षी खाली परतवाड्याला निघून गेला आणि तिथे त्याने कीर्तनात टाळ धरला, असे सांगतात. रंगू पटेल खूप जगला. राईतली वाळकी काटकीसुद्धा तो कुणाला उचलू देत नसे. अमृतरावांनी बी उकडणे बंद केले. मागेल त्याला ते कच्चे बी देत आणि मळ्यात स्वतः जांभळाची झाडे लावत. म्हातारपणी त्यांना एका जांभळाखाली बसल्या बसल्या मरण आले. महाराज दोन-तीन पावसाळे राहिले आणि एका सकाळी धुके विरले तेव्हा डोहाशी नव्हते. कुणी त्यांना शोधायला गेले नाही, कारण राखण आता वस्तीच करत होती.

मुंगायची बाग उंबराखाली वाढली. तिचे केस पार कापसासारखे झाले तरी ती रोज सकाळी चूल पेटवून कॉफीचा काढा करायची आणि पिण्याआधी पहिला घोट जमिनीवर सांडायची. कुणी विचारले की म्हणे, "नावं मले ठाव न्हाईत. पर ते लई लांबून चालत आलते."

तिच्यामागे वस्तीतल्या बायांनी तो घोट तसाच चालू ठेवला.