महाराजांचा एकट्याचा सामना

रंगराव महाराजांनी परदेशी फुटबॉलचे सगळे हक्क विकत घेतले आणि चिंचोली संस्थानात हाहाकार उडाला!

संस्थानच्या हद्दीत विलायती लीगचे सामने दाखवायचा हक्क महाराजांचा, असा करार होता. महाराजांनी पुढे आपल्या हातानं लिहिलं, ‘आणि बघायचाही महाराजांचाच!’ झालं! टपऱ्यांवरचे टीव्ही बंद पडले. तांबड्या संघासाठी उपास धरणारी वरची आळी आणि निळ्या संघासाठी नवस बोलणारी खालची आळी जन्मात पहिल्यांदा एका सुरात रडायला लागल्या.

त्यातच कृष्णाप्पा सातपुते सापडला. गावाचे झाडून सगळे फुटबॉल शिवणारा हा म्हातारा राजवाड्यामागच्या चिंचेवर चढून खिडकीतून सामना बघत होता. तिकडे गोल झाला, इकडे कृष्णाप्पानं दोन्ही हात वर केले! हात सोडल्यावर काय व्हायचं तेच झालं. थेट पहारेकऱ्याच्या अंगावर पडला. शिक्षा ठरली, येत्या रविवारी हद्दपार!

त्याची लेक सारजा तडक राजवाड्यावर गेली. बाप साठी उलटलेला, संस्थानाबाहेर त्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी तिची जीभ ताळ्यावर होती.

“महाराज, माझ्या बाला सोडा!”

महाराज आधीच वैतागलेले. हक्क तर घेतले, पण एकट्यानं सामना बघणं म्हणजे बिनमिठाची आमटी! गोल झाला तर टाळी कुणाला द्यायची?

“सोडतो की!” ते म्हणाले. “एक काम कर. शनिवारी संध्याकाळी सामना आहे. मला माझ्या दरबारात भरल्या मैदानाचा कल्ला पाहिजे. गोल झाला की त्याच क्षणी आरोळी! चुकला की हळहळ! पण सामना दिसेल फक्त मला, ऐकू येईल फक्त मला. दुसऱ्या कुणाची नजर टीव्हीवर गेली किंवा आरोळी एकदा जरी चुकली, तर बापाचं गाठोडं बांध!”

“आवळा द्यायचा न्हाई आन् चव सांग म्हनायचं!” सारजा पुटपुटली.

“काय म्हणालीस?”

“न्हाई, महाराजांची अक्कल मोठी, म्हनलं.”

महाराज खूश झाले आणि मागच्या सामन्याचं वर्णन करू लागले. “आमचा तांबड्यांचा गडी असा धावला, असा वळला आणि अशी लाथ...” लाथ बसली ती शेजारी उभ्या असलेल्या दिवाण धोंडोपंतांच्या नडगीवर! पंत कळवळले. सारजा मात्र महाराजांकडे टक लावून बघत राहिली. मग गालातल्या गालात हसली.

“जमंल, महाराज. सतरंज्या द्या, आन् तुमच्या तोंडावर चांगला लख्ख उजेड पाडा.”

“उजेड कशाला?”

“येवढा मोठा मानूस अंधारात बसतोय व्हय?”

महाराजांनी लगेच चार दिवे जास्तीचे लावून घेतले.

शनिवारी पाचच्या ठोक्याला अख्खं गाव दरबारात हजर! डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची. सगळ्यांची पाठ टीव्हीकडे आणि तोंडं महाराजांकडे. महाराजांच्या कानात सामन्याचा आवाज ऐकायचं यंत्र. धोंडोपंत काठी घेऊन रांगांमधून फिरत होते. मान वळली की काठी!

सामना सुरू झाला. महाराज पुढे सरकले, गाव पुढे सरकलं. महाराजांनी श्वास रोखला, गावानं रोखला. महाराजांची भुवई चढली, ओठ मुडपला, आणि उजव्या पायातली मोजडी सुटून झुंबरावर आदळली!

“गोऽऽल!” वरची आळी उठून नाचायला लागली.

थोड्या वेळानं महाराजांनी काडकन कपाळावर हात मारला. आता खालच्या आळीनं टोप्या उडवल्या. “निळ्यांचा गोऽऽल!”

“गप्प बसा रे, मेल्यांनो!” महाराज ओरडले.

“कल्ला तुमीच मागितला न्हवं?” सारजा म्हणाली.

मग महाराज मिशी चावू लागले. “पेनल्टी!” दोन्ही आळ्या कुजबुजल्या. महाराजांनी डोळे मिटले, एकच उघडला, आणि धोंडोपंतांना कडकडून मिठी मारली! छप्पर उडेल असा गजर झाला. तांबडे जिंकले होते. एकही आरोळी चुकली नव्हती.

“शाब्बास!” घाम पुसत महाराज म्हणाले. “पण यांना कळलं कसं?”

“चोरी, महाराज!” मिठीतून सुटलेले पंत किंचाळले. “यांनी अख्खा सामना तुमच्या तोंडावर बघितला! करारभंग!”

महाराजांचा चेहरा पडला. “सारजे, खरं?”

“खरं, महाराज.”



“मग बापाबरोबर तूही चालू लाग!”

सारजा पंतांकडे वळली. “पंत, करारात टीव्हीला काय म्हनलंय?”

धोंडोपंतांना इंग्रजी शब्दाचा विटाळ. छाती फुगवून त्यांनी कागद वाचला, “‘दूरदर्शनाचे यच्चयावत हक्क महाराजांकडेच राहतील!’ शुद्ध मराठी, माझ्या हातची!”

“मग झालं तर! दूरदर्शन महाराजांचं. त्याच्याकडं आमी पाठ करून बसलो. आमी घेतलं ते राजदर्शन! आन् परजेनं राजाचं दर्शन घिऊ नये, असं लिवलंय कुठं?”

पंतांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. महाराजांची मिशी थरथरली, पोट गदगदलं, आणि ते असे हसले की डावी मोजडीही उडाली. गावानं लगेच आरोळी ठोकली, “गोऽऽल!”

“सोडा त्या कृष्णाप्पाला!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “आणि सारजे, माग काय हवं ते!”

“काय न्हाई, महाराज. फुडल्या शनवारी ह्याच सतरंज्या उलट्या तोंडानं टाकू द्या!”

“टाका! पण माझी खुर्ची मधोमध!”

पुढच्या शनिवारी सगळं गाव टीव्हीकडे तोंड करून बसलं. कृष्णाप्पा तेवढा पाठ फिरवून महाराजांसमोर मांडी घालून बसलेला. सारजानं विचारलं, “बा, सामना तिकडं हाय की!”

“असू दे गं!” म्हातारा म्हणाला. “टीव्हीवर हाफटाइमला जाहिराती लागत्यात. महाराज हाफटाइमलाबी चालूच असत्यात!”